वर्गाबाहेरचे शिक्षण आणि त्याचा श्रोता : ‘किम’मधील लखनौ ते कोसबाडची कुरणशाळा

१

शालेय शिक्षणाविषयीच्या चर्चेत ‘जीवनकौशल्ये’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशा दहा कौशल्यांची यादी प्रसृत केली. निर्णयक्षमता, समस्यापरिहार, चिकित्सक विचार, संवाद, समानुभूती, स्वतःची जाण, ताणाचे नियमन इत्यादींचा तीत समावेश आहे. ही कौशल्ये फळ्यावर लिहून देता येत नाहीत, ती सहल, शिबिर, पदभ्रमण, पोहणे, परिसर-निरीक्षण अशा वर्गाबाहेरील उपक्रमांतून अंगी बाणतात, असे शिक्षणशास्त्र सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना शाळेची शिफारस केली आणि २०२४ मध्ये त्यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध झाल्या. त्यामुळे हा विषय केवळ हौशी शिक्षकांचा राहिलेला नाही.

या विषयाकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याची दोन उत्तरे संभवतात. पहिले ऐतिहासिक आहे. वर्गाबाहेरील शिक्षणाच्या आधुनिक चळवळींपैकी सर्वांत दूरवर पसरलेल्या बालवीर चळवळीने आपले काही प्रमुख नमुने ललित साहित्यातून उचलले, आणि त्यांपैकी एका नमुन्याच्या केंद्रस्थानी लखनौची एक शाळा आहे. दुसरे उत्तर सैद्धान्तिक आहे. मूल डोंगर चढून आले, पाण्यात उतरले किंवा रानात वाट चुकून परतले, एवढ्याने त्याला ‘कौशल्य’ प्राप्त होत नाही. जे घडले ते कोणाला तरी सांगावे लागते, आणि त्या सांगण्यात घटनेचा अनुभव होतो. वाल्टर बेंजामिन याने १९३६ च्या आपल्या कथनकारावरील निबंधात, सांगण्याजोगा अनुभव ही गोष्टच आधुनिक काळात दुर्मीळ होत चालली आहे, अशी खंत व्यक्त केली होती. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेल्या एका जुन्या श्लोकातही चातुर्याची कारणे सांगताना देशाटनाच्या जोडीला विद्वानांचा स्नेह आणि सभेतील वावर यांचा उल्लेख येतो. तो आनुषंगिक नाही. हिंडणे आणि सभेत सांगता येणे ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत, अशी त्यामागील धारणा दिसते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, वर्गाबाहेरील उपक्रमातून मुलाला कोणते कौशल्य लाभते हे त्या उपक्रमाच्या स्वरूपाइतकेच, त्याचे वृत्त ऐकणारा कोण आहे यावर अवलंबून असते. त्यासाठी येथे ‘किम’ ही इंग्रजी कादंबरी, हिंदुस्थानातील बालवीर चळवळ, ‘श्यामची आई’तील एक प्रकरण आणि कोसबाडच्या कुरणशाळेचा प्रयोग असे चार नमुने एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आहेत.

२

रुडयार्ड किपलिंगची ‘किम’ १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेला, आयरिश सैनिकाचा अनाथ मुलगा किम हा एका तिबेटी लामाचा चेला म्हणून त्याच्याबरोबर निघतो. वाटेत वडिलांच्या पलटणीला त्याची ओळख पटते आणि त्याची रवानगी लखनौच्या सेंट झेवियर्स या शाळेत होते. ही शाळा किपलिंगने ला मार्टिनियर या महाविद्यालयावरून बेतली असावी, असे सामान्यतः मानले जाते. लिओंमध्ये जन्मलेला आणि लखनौत १८०० मध्ये निधन पावलेला मेजर जनरल क्लोद मार्टिन याच्या मृत्युपत्रातील तरतुदीनुसार ही संस्था १८४५ मध्ये सुरू झाली. गोमतीच्या काठी त्याने उभारलेल्या कॉन्स्टन्शिया या वास्तूत ती आजही आहे. १८५७ च्या लखनौच्या वेढ्यात या शाळेतील साठांहून अधिक मुले रेसिडेन्सीत होती. निरोप पोहोचविणे, रुग्णांची शुश्रूषा करणे, धान्य दळणे अशी कामे त्यांनी केली. शाळकरी मुलांच्या अंगच्या धिटाईचा साम्राज्याने केलेला उपयोग हा या शाळेच्या इतिहासाचा असा भाग आहे. किमची शाळा वाचताना हे पूर्वसंदर्भ मनात असलेले बरे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कादंबरीत वर्गातील अध्यापनाचे चित्रण अगदी थोडे आहे. शाळेचे खरे जीवन किपलिंगला दिसते ते सुट्टीनंतर रात्री शयनगृहात रंगणाऱ्या गप्पांमध्ये. मळ्यांवर, रेल्वेच्या दूरच्या ठाण्यांवर, बंदरांत राहणाऱ्या कुटुंबांतील ही मुले घरी जाता-येता पूर आलेल्या नद्या ओलांडतात, रानातून एकटी वाट काढतात, आणि परतल्यावर ते सारे अगदी सहजपणे एकमेकांना सांगतात. सहाध्यायी हा येथे पहिला श्रोता होय. या श्रोत्यापुढे फुशारकी चालत नाही, कारण त्याच्याकडेही तोडीस तोड कथा असते.

किमच्या बाबतीत मात्र दुसरा श्रोता लवकरच पुढे येतो. त्याच्या सुट्ट्या म्हणजे कर्नल क्रेटन याने आखलेले वर्गाबाहेरील शिक्षणच आहे. सिमल्याला लर्गन साहेबाच्या दुकानात तबकातील रत्ने पाहून घ्यायची, तबक झाकले की त्यांचे वर्णन करायचे, हा खेळ त्याला एका हिंदू मुलाबरोबर खेळावा लागतो, आणि प्रारंभी तो सतत हरतो. या खेळाइतकाच महत्त्वाचा, पण समीक्षेत तुलनेने दुर्लक्षित राहिलेला भाग म्हणजे दिवसअखेरचे निवेदन. दुकानात आलेल्या माणसांचा चेहरा, बोलणे, रीत यांवरून त्यांचा स्वभाव कसा वाटला, त्यांचे खरे काम कोणते असावे, हे दोन्ही मुलांनी तपशिलाने सांगावयाचे असते. पुढे जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजून अंतर काढण्याची युक्ती हरी बाबूकडून समजते, आणि बिकानेरच्या प्रवासात किम शहराचा नकाशा तयार करून त्यासोबत लेखी अहवालही सिद्ध करतो. या अहवालाचे हस्ताक्षर सेंट झेवियर्सच्या वळणाचे आहे, असे निवेदक मुद्दाम नोंदवितो. निष्काळजी कारकुनाने तो भलत्याच कागदपत्रांत ठेवून दिला, असेही सांगतो. लखनौच्या शाळेने मुलाला जे वळण दिले त्याची अखेरची खूण दप्तरखान्यात जाऊन पडते, हा तपशील बोलका आहे.

निरीक्षण, स्मरण, संयम, वेषांतर, माणसे ओळखणे ही किमची कौशल्ये खरी आहेत. परंतु त्यांचा श्रोता वरिष्ठ अधिकारी असल्यामुळे त्या साऱ्यांचे पर्यवसान अहवालात होते. कादंबरीचे मोठेपण असे की, ती या श्रोत्यावर थांबत नाही. किमच्या शाळेचे शुल्क लामा भरतो. त्याला हेरगिरीच्या ‘महान खेळा’ची काहीच कल्पना नाही. हिमालयातील प्रसंगानंतर किमजवळ परकीयांची हस्तगत केलेली कागदपत्रे असतात, आणि आजारी अवस्थेत त्यांचे ओझे त्याला असह्य होते. ज्याच्यावर त्याचे सर्वाधिक प्रेम आहे त्यालाच ही गोष्ट सांगता येत नाही. आपण कोण आहोत हा प्रश्न किमला पुनःपुन्हा पडतो. त्याचा उगम वंशाच्या व संस्कृतीच्या संदिग्धतेत शोधला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि दोन श्रोत्यांत विभागल्या गेलेल्या निवेदकाचा तो प्रश्न आहे, असेही म्हणता येईल.

३

रॉबर्ट बेडन-पॉवेल हा १८७६ मध्ये तेराव्या हुसार्स या घोडदळात अधिकारी म्हणून दाखल झाला, त्या वेळी ही पलटण लखनौला होती. १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर त्याने मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले आणि १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत प्रसिद्ध केले. त्याच्या आरंभीच्याच भागात किमची कथा सारांशाने सांगितली आहे. लर्गनच्या तबकाचा खेळ ‘किमचा खेळ’ या नावाने जगभरच्या बालवीर पथकांत पोहोचला. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी ‘वुल्फ कब’ ही शाखा उभी राहिली तेव्हा तिची सारी परिभाषा ‘जंगल बुक’मधून घेण्यात आली. कादंबरीचे असे अभ्यासक्रमात रूपांतर होण्याची उदाहरणे वाङ्मयेतिहासात फार नाहीत.

रूपांतरात काय गळाले हे पाहणे तुलनाकाराचे काम आहे. बेडन-पॉवेलच्या सारांशात किमची हुशारी, धाडस आणि सरकारच्या उपयोगी पडणे हे सूत्र राहते. लामाची मुक्तीची शोधयात्रा हा तेथील विषय नाही. दोन श्रोत्यांपैकी एकच उरतो, आणि त्याबरोबर किमचा प्रश्नही नाहीसा होतो. कौशल्य हे गुणांच्या यादीत बसण्याजोगे स्वच्छ व निर्वेध होते. आजच्या जीवनकौशल्यांच्या याद्यांची पूर्वपीठिका येथे आहे, असे विधान केल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

हिंदुस्थानात १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले बालवीर पथक निघाले, परंतु प्रारंभी हिंदी मुलांना या चळवळीत प्रवेश नव्हता. संयुक्त प्रांतात १९१३ मध्ये पं. श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहानपूर येथे स्वतंत्र पथक सुरू केले. १९१८ मध्ये पं. मदनमोहन मालवीय, पं. हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबादेत सेवा समिती बालवीर संघटना स्थापन झाली. मराठी वाचकांना यांतील एक दुवा विशेष जवळचा वाटेल. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे कुंझरू हे सदस्य होते, आणि पुढे १९३६ पासून अखेरपर्यंत अध्यक्षही होते. पुण्यात रुजलेली सार्वजनिक सेवेची कल्पना अशा रीतीने उत्तरेतील बालवीरांच्या शिबिरापर्यंत पोहोचली.

गाठी मारणे, मागोवा घेणे, प्रथमोपचार, तंबू ठोकणे हे उपक्रम तेच राहिले. बदलले ते संघटनेच्या नावापासून. ‘टेहळणी’च्या जागी ‘सेवा’ हा शब्द आला. मेळ्याच्या गर्दीत हरवलेल्या वृद्धेला तिच्या माणसांपर्यंत पोहोचविणाऱ्या स्वयंसेवकाला चेहरे लक्षात ठेवावे लागतात, बोलीवरून प्रांत ओळखावा लागतो. ही कौशल्ये किमचीच आहेत. परंतु येथे माहिती ज्याच्याविषयी गोळा केली जाते त्यालाच ती परत दिली जाते. मात्र हा बदल निखळ होता असे समजण्याचे कारण नाही. १९४६ मध्ये नेमलेल्या ज्या समितीच्या शिफारशींतून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना निर्माण झाली, तिचे अध्यक्षही कुंझरूच होते. सेवा आणि शिस्त, यात्रेकरू आणि वरिष्ठ, हे दोन्ही श्रोते स्वतंत्र भारताच्या शालेय शिबिरांना वारशाने मिळाले. १९५० मध्ये विविध संघटनांच्या विलीनीकरणातून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संघटना झाली तेव्हाही हा दुहेरीपणा संपला नाही.

४

या पार्श्वभूमीवर मराठीतील एका अतिपरिचित ग्रंथाकडे वळता येईल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक व छात्रालयाचे चालक म्हणून काढलेली वर्षे तिच्या मागे आहेत. ‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात कोकणातील पावसाळ्यात भरलेल्या विहिरीवर मुले पोहायला जातात. श्याम पाण्याला भिऊन दडून बसतो, आणि एरवी ममताळू असलेली आई त्याला मारून विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये हे तिच्या कठोरपणामागील कारण होय. श्याम पाण्यात पडतो, हातपाय मारतो, तरतो. घरी परतल्यावर आईचे वात्सल्य पुन्हा प्रकट होते.

आजच्या परिभाषेत हे भीतीच्या नियमनाचे आणि आत्मविश्वासाचे प्रकरण आहे. कुर्ट हान याच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडव्ही येथे सुरू झालेल्या ‘आउटवर्ड बाउंड’ शाळेचे तत्त्वही याच्याजवळचे आहे. सुरक्षित मर्यादेतील संकटाला सामोरे गेल्याने तरुणाला आपल्या शक्तीचा प्रत्यय येतो, असे ते तत्त्व सांगते. परंतु मुलाला मारून पाण्यात उतरविणे हे आज कोणत्याही शाळेला मान्य होणार नाही, आणि होऊही नये. या प्रकरणाचे महत्त्व आईच्या पद्धतीत नसून ग्रंथाच्या घडणीत आहे. श्याम ही गोष्ट मोठेपणी, आश्रमातील सोबत्यांना, रात्रीच्या प्रार्थनेनंतर सांगतो. बेचाळीस रात्रींची ही चौकट म्हणजे कथानकाला दिलेले बाह्य वेष्टन नव्हे. विहिरीवर त्या दिवशी श्याम फक्त पोहायला शिकला. आपली भीती, आईचा राग आणि त्या रागातील माया यांचा परस्परसंबंध त्याला या रात्रींमध्ये उलगडतो. भ्यालो होतो हे त्याला चारचौघांत सांगता येते, कारण ऐकणारे त्याची परीक्षा घेत नाहीत.

सेंट झेवियर्सचे शयनगृह आणि श्यामचा आश्रम यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. दोन्ही ठिकाणी रात्र आहे, समवयस्क किंवा समशील सोबती आहेत, आणि घरच्या वाटेवरील वा लहानपणीच्या रानातील, पाण्यातील प्रसंग आहेत. लखनौच्या मुलांच्या निवेदनात भीतीला जागा नाही. भीती न दाखविणे हेच तेथील शिक्षण होय, कारण राज्यकर्त्यांच्या वर्गात त्यांना सामावून जायचे आहे. श्यामच्या निवेदनात भीती हाच विषय आहे. धैर्य या एकाच नावाखाली दोन्ही ठिकाणी वेगवेगळी कौशल्ये वाढीस लागतात. एकात संयमाची मुद्रा येते, तर दुसऱ्यात स्वतःचे दुबळेपण ओळखण्याची व बोलून दाखविण्याची क्षमता येते.

५

आतापर्यंतच्या नमुन्यांत मूल रानात ‘नेले’ जाते, किंवा पाण्यात ‘टाकले’ जाते. जे मूल आधीपासूनच रानात आहे त्याचे काय, हा प्रश्न ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या कार्यामुळे पुढे येतो. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला हा डहाणू तालुक्यातील भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. वारली मुले शाळेत येत नसत, कारण घरची गुरे राखण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेव्हा शाळाच कुरणावर नेण्यात आली. गुरे चरत असताना, भोवतालच्या दगड, पाने, बिया यांच्या साहाय्याने शिकविणे सुरू झाले. हीच कुरणशाळा.

शहरी शाळेच्या सहलीत आणि कुरणशाळेत वरवर पाहता साम्य आहे, कारण दोहोंनाही भिंती नाहीत. परंतु निरीक्षण, जबाबदारी, एकट्याने निर्णय घेणे, हवामानाचा अंदाज बांधणे ही जी कौशल्ये सहलीतून यावीत अशी अपेक्षा असते, ती गुराखी मुलाजवळ आधीच असतात. त्याला उणीव असते ती त्यांची दखल घेणाऱ्याची. कोणते गवत कोठे उगवते, कोणते जनावर कळपातून केव्हा फुटते, हे मुलाने सांगावे आणि बाईंनी ऐकावे, असा उलटा क्रम येथे शक्य होतो. मूल सांगू लागले की त्याच्या बोलीला वर्गात स्थान मिळते, आणि मग अक्षर व अंक यांना ते परके मानत नाही. म्हणूनच शिक्षकाला श्रोता करणारी व्यवस्था असे कुरणशाळेचे वर्णन करावेसे वाटते.

तरीही येथे एक मर्यादा नमूद केली पाहिजे. या प्रयोगाची कथा आपल्यापर्यंत येते ती प्रामुख्याने अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’सारख्या लेखनातून, म्हणजे शिक्षिकेच्या शब्दांत. किमचा अहवाल निदान किमच्या हस्ताक्षरात होता. गुराखी मुलाचे कथन, ते ज्या बोलीत झाले त्या बोलीत, ग्रंथरूपाने वाचकासमोर आलेले नाही. ऐकणाऱ्याने लिहून ठेवलेल्या शब्दांत ऐकणाऱ्याची भाषा मिसळतेच. श्रोता सहृदय असला तरी लेखणी कोणाच्या हाती आहे हा प्रश्न शिल्लक राहतो.

६

या चार नमुन्यांची क्रमवारी लावणे, किंवा लखनौकडून कोसबाडकडे झालेली वाटचाल सरळ प्रगतीची आहे असे म्हणणे हा येथे हेतू नाही. प्रत्येक शाळेत हे चारही श्रोते एकाच वेळी हजर असतात. मुले सहलीहून परततात तेव्हा त्यांना निबंध लिहावयास सांगितला जातो. तो बहुधा निघण्याच्या वेळेपासून सुरू होतो आणि मजा आल्याच्या उल्लेखाने संपतो. असा निबंध गुण देणाऱ्यासाठी लिहिलेला असतो, आणि मुलांना ते पक्के ठाऊक असते. बसमध्ये, वसतिगृहात, घरी आजीपाशी तीच मुले जे सांगतात ते वेगळे असते. त्यात वाट चुकणे असते, भांडण असते, रडू असते. शिक्षणशास्त्र ज्यांना स्वतःची जाण, समानुभूती, परस्परसंबंध अशी नावे देते त्या गोष्टी या दुसऱ्या कथनात घडत असतात.

दप्तराविना दिवसांच्या योजनेत सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांना पाठविण्याची कल्पना धोरणातच आहे. लखनौच्या एखाद्या शाळेतील मुले चिकनकामाच्या कारागिणीकडे किंवा कुकरैलच्या वनात सुसरींचे संवर्धन पाहावयास जातील, तेव्हा परतल्यावर त्यांनी कोणाला काय सांगावे याचाही विचार योजनेत असावयास हवा. केवळ नोंदतक्ता भरून घेतल्यास क्रेटनच्या दप्तरखान्यात आणखी एक कागद जमा होईल. त्याऐवजी आठवड्याने वर्गात गोल बसून सांगण्याचा एक तास, गुणांशिवाय, ठेवता येईल. मुलांनी आपली टिपणे त्या कारागिणीला वाचून दाखवावीत आणि तिने त्यांत दुरुस्त्या सुचवाव्यात, असेही करता येईल. ज्या मुलाच्या घरीच ते काम चालते त्याने त्या दिवशी इतरांना शिकवावे. यांपैकी कशासाठीही वेगळ्या निधीची गरज नाही. मात्र शिक्षकाला तासभर न बोलता बसावे लागेल, आणि आपल्याकडील शाळांत ही सवय लावून घेणे सोपे नाही.

साहित्याच्या अभ्यासकांकडे या संदर्भात एक विशिष्ट सामग्री आहे. निवेदक कोण, तो कोणाला उद्देशून बोलतो, काय गाळतो, केव्हा थांबतो, हे प्रश्न आपण कथा-कादंबऱ्यांना नित्य विचारतो. मुलांच्या सहलवृत्तांतांना, शिबिरांच्या नोंदवह्यांना, शिक्षकांच्या आठवणींना ते अद्याप पुरेसे विचारले गेलेले नाहीत. निरनिराळ्या भारतीय भाषांतील असे लेखन एकत्र करून वाचल्यास कौशल्यांच्या एकसाची याद्यांमागे किती भिन्न प्रकारची माणसे घडविण्याची कल्पना दडलेली आहे, ते स्पष्ट होईल. असे वाचन हे तौलनिक साहित्याच्या कक्षेतील काम आहे, आणि शाळांनाही त्याचा उपयोग व्हावा.